एड्रिकची टाकी : ‘ड्यून मसीहा’तला कारस्थानी नॅव्हिगेटर रंगमंचावर उभा करताना

एड्रिक करायचा ठरला की बहुतेक संघ आधी मुखवट्याला हात घालतात. पंधरा दिवस चेहरा घडतो आणि टाकी शेवटच्या दोन रात्रींत प्लायवूड, जिलेटिन पेपर आणि खिळ्यांवर उरकली जाते. इथेच काम उलट्या टोकाने सुरू होते. चेहरा प्रेक्षकाला धुक्यातून अर्धामुर्धा दिसणार असतो. टाकी मात्र पडदा वर गेल्यापासून त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नाही. म्हणून आधी टाकी, मग हात, आणि चेहरा सगळ्यात शेवटी.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही अशांसाठी पात्राची ओळख थोडक्यात. फ्रँक हर्बर्टची ‘ड्यून’ १९६५ मध्ये आली आणि तिचा दुसरा भाग ‘ड्यून मसीहा’ १९६९ मध्ये. एड्रिक या दुसऱ्या भागात येतो. तो स्पेसिंग गिल्डचा नॅव्हिगेटर आहे, आणि ताऱ्यांमधली सगळी वाहतूक गिल्डच्या हातात आहे. मेलांज नावाच्या मसाल्याच्या अतिसेवनाने नॅव्हिगेटरांची शरीरे बदलत जातात. एड्रिकचे अंग लांबट झाले आहे, पायांना माशासारखे पर आहेत, हातांची बोटे पातळ पडद्यांनी जोडून पंख्यासारखी झाली आहेत. मसाल्याच्या नारिंगी वायूने भरलेल्या टाकीत तो तरंगत राहतो. वॉलाक ९ या ग्रहावर सम्राट पॉलविरुद्ध चौघे जमतात : बेने जेसेरिट पंथाची मोहियाम, पॉलची नावापुरती बायको राजकन्या इरुलान, चेहरा बदलू शकणारा स्कायटेल आणि एड्रिक.

दिग्दर्शकाने एक गोष्ट नीट पचवायला हवी. या कटात एड्रिक कशाला हवा? तो शस्त्र चालवत नाही, विष कालवत नाही. पॉलला भविष्य दिसते, पण ज्या घटनेत दुसरा भविष्य पाहणारा गुंतलेला असतो ती त्याला दिसत नाही. एड्रिकला, थोडेफार का होईना, भविष्य दिसते. त्यामुळे तो जिथे असतो तिथला कट पॉलच्या नजरेतून सुटतो. एड्रिक या कटाचा आडोसा आहे. टाकीचे माप, प्रकाश, चौघांच्या उभे राहण्याच्या जागा हे सगळे या एका शब्दावरून ठरते. ज्या टाकीच्या आडोशाला माणसे उभी राहू शकत नाहीत ती कितीही झगमगली तरी एड्रिकची नाही.

हक्कांबद्दल आधीच सांगतो, कारण ऐनवेळी हाच कागद नसतो. हर्बर्ट १९८६ मध्ये वारले. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतात, म्हणजे २०४६ अखेरपर्यंत. तिकीट असो वा नसो, जाहीर प्रयोगासाठी हक्कधारकांची लेखी परवानगी मागा. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाईल तेव्हा ती सोबत जोडलेली बरी.

सांगाडा

मापे सुचतील तशी घेऊ नका. बाजारात अॅक्रिलिकचा, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकचा, पत्रा ८ बाय ४ फुटांचा मिळतो आणि सामान छोट्या हत्तीतून नांदेडला किंवा अंबाजोगाईला न्यायचे असते. टाकीचे माप या दोन गोष्टी ठरवतात. रुंदी ४ फूट, उंची ६ फूट, खोली ३ फूट. उंचीचे तीन भाग पडतात : खाली दीड फुटाची बंद पेटी, मध्ये ४ फुटांची काच, वर ६ इंचांचे छत. काच ४ बाय ४ ठेवली की एका पत्र्याचे बरोबर दोन तुकडे होतात, आणि दोनच लागतात.

सांगाड्याला १ इंची चौकोनी एमएस (साध्या पोलादाचा) पाइप घ्या, १६ गेजचा. पुढची चौकट, मागची चौकट, त्यांना जोडणारे ३ फुटांचे ६ तुकडे, आसनासाठी दोन आडवे पाइप आणि एक खांब धरून साधारण ८५ फूट भरतात. २० फुटी पाच पाइप पुरतात. वजन ३० किलोच्या आसपास होते. दोन्ही चौकटी वेल्डरकडून पक्क्या जोडून घ्या, मधले ६ तुकडे मात्र नट-बोल्टवर ठेवा : ८ मिलिमीटरचे १२ बोल्ट, प्रत्येकाला स्प्रिंग वॉशर, आणि ४ जास्तीचे खिशात. सगळे वेल्ड केले तर ती टाकी कार्यशाळेच्या दारातून बाहेर येत नाही. स्प्रिंग वॉशर नसले तर खड्ड्यांच्या रस्त्यावर बोल्ट ढिले होतात आणि प्रयोगात टाकी किरकिरते. कारस्थानाच्या शांत प्रवेशात ती किरकिर शेवटच्या रांगेपर्यंत जाते.

चाके ४ इंची घ्या, चारही फिरणारी, त्यातल्या दोघांना ब्रेक, प्रत्येकाची क्षमता १०० किलो. २ इंची चाके स्वस्त पडतात, पण तालुक्याच्या सभागृहांत फळ्यांच्या फटी रुंद असतात आणि चाक तिथे रुतते. सांगाडा, नट, काच, वाळू मिळून वजन पावणेदोनशे किलोच्या घरात जाते. असमान जमिनीवर ते प्रत्यक्षात तीनच चाकांवर येते, म्हणून क्षमतेत काटकसर नको. खालच्या पेटीत मागच्या दोन कोपऱ्यांत २५-२५ किलोच्या वाळूच्या पिशव्या ठेवा. नट काचेकडे झुकला की टाकीही पुढे झुकू पाहते.

बाजू ५ मिलिमीटर सनबोर्डच्या (पाट्यांसाठी वापरतात त्या हलक्या फोमच्या फळ्या), आतून मॅट काळा रंग. चकचकीत काळा लावला तर आतले दिवे त्यात दिसतात. मागची बाजू बंद करायची नाही. तिथे फक्त काळा जाड कापडी पडदा सोडा, वेल्क्रोसुद्धा लावू नका. छताला जाळी ठेवा. टाकी समोरून कितीही बंद दिसली तरी आतल्या माणसाला एका पावलात मागे उतरता आले पाहिजे. यात तडजोड नाही.

दोन काचा आणि मधले धुके

काच एकच लावली आणि नटाच्या खोलीत धूर सोडला तर नट खोकतो, घामाने रंग ओघळतो आणि तिसऱ्या मिनिटाला तो दिसेनासा होतो. म्हणून ३ मिलिमीटर जाडीच्या दोन काचा एकामागे एक लावा, मध्ये ३ इंचांची पोकळी ठेवा आणि धुके फक्त तिथेच खेळू द्या. नट आतल्या काचेमागे कोरड्या हवेत बसतो. प्रेक्षकाला मात्र तो वायूत बुडालेला वाटतो.

अॅक्रिलिक पाट्या बनवणाऱ्या रेडियमवाल्यांकडे मिळते. छत्रपती संभाजीनगरच्या आसपास असाल तर वाळूज आणि चिकलठाणा औद्योगिक वसाहतीतल्या फॅब्रिकेशनच्या कामांतून उरलेले तुकडेही चौकशी केल्यास मिळतात. पत्र्यावरचा संरक्षक कागद शेवटच्या दिवसापर्यंत काढू नका. भोके पाडताना काठापासून किमान पाऊण इंच आत या, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा आणि ड्रिल हळू चालवा. ४ मिलिमीटरच्या स्क्रूला भोक ७ मिलिमीटरचे पाडा आणि रुंद वॉशर लावा. कारण आपल्या हवेत आहे. डिसेंबरच्या पहाटे १२ अंश आणि मेच्या दुपारी ४२ अंश, एवढ्या फरकात ४ फुटांचे अॅक्रिलिक साधारण अडीच मिलिमीटर वाढते. भोक घट्ट असेल तर वाढलेल्या पत्र्याला जागा मिळत नाही, तो स्क्रूपाशीच तडकतो आणि तडा सरळ मध्यापर्यंत धावतो. स्क्रू हातानेच आवळा, मशीनने नको. कडा न्यूट्रल सिलिकॉनने बुजवा. काच पुसायला थिनर किंवा सॅनिटायझर वापरलेत तर तिच्यावर बारीक भेगांचे जाळे येते आणि ते पुन्हा जात नाही.

धुक्यासाठी पाण्याच्या कारंज्यात टाकतात तसे २४ व्होल्टचे दोन अल्ट्रासॉनिक मिस्टमेकर घ्या. ते पाण्याचेच थंड धुके करतात, त्यात तेल नाही की रसायन नाही. ४ इंची पीव्हीसी पाइपचा ४ फुटांचा तुकडा घ्या, दोन्ही टोकांना टोप्या बसवा आणि वरून ३ इंच रुंदीची पट्टी कापून काढा. पाइप उभा चिरून अर्धा करू नका. अर्ध्या पाइपात पाणी पुरेसे खोल राहत नाही, मिस्टमेकरचा सेन्सर उघडा पडतो आणि तो बंद होतो. हा पन्हाळ खालच्या पेटीत, काचांमधल्या फटीच्या बरोबर खाली बसवा. त्यात साधारण ६ लिटर पाणी मावते, तासाभराच्या प्रयोगात लिटरभरही संपत नाही. वर प्लास्टिकची बारीक जाळी टाका, नाहीतर उडणारे थेंब काचेवर बसतात.

पाणी बोअरचे वापरू नका. मराठवाड्यातल्या बहुतेक बोअरचे पाणी इतके जड असते की दोन तालमींत काचेवर पांढरी पूड बसते आणि मिस्टमेकरची चकती खारवून मंदावते. आरओचे चालेल, बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर उत्तम.

थंड धुके जड असते, ते तळाशीच लोळते. पन्हाळाच्या एका टोकाला ८० मिलिमीटरचा कॉम्प्युटरचा पंखा बसवून ते वर ढकलावे लागते. १२ व्होल्टचा हा पंखा ६ व्होल्टच्या आसपास चालवा. पूर्ण वेगात सोडला तर बाहेरची कोरडी हवा इतकी आत येते की धुके काचेपर्यंत पोचण्याआधीच विरते. पोकळीचा वरचा काठ बंद ठेवा, फक्त दोन कोपऱ्यांत अर्ध्या इंचाच्या फटी सोडा. आपल्याकडची हिवाळ्यातली हवा फार कोरडी, म्हणून पोकळीतली हवा आधी ओली व्हावी लागते. पडदा वर जायच्या १० मिनिटे आधी यंत्र सुरू करा. काचांच्या आतल्या बाजूंना दव धरू नये यासाठी लिटरभर पाण्यात एक चमचा भांड्यांचे लिक्विड घालून, त्यात फडके बुडवून घट्ट पिळा, काच पुसा आणि तशीच वाळू द्या. धुऊ नका. तो पातळ थर राहिला तरच थेंब जमत नाहीत.

टाकी प्रवेशात ढकलायची असेल तर पन्हाळात दर फुटावर स्पंजची आडवी भिंत ठेवा. नाहीतर पाणी एका टोकाला धावते आणि दुसऱ्या टोकाचा मिस्टमेकर कोरडा पडतो.

कोरडा बर्फ वापरू नका. धुके दाट आणि देखणे दिसते म्हणून दर वर्षी कोणीतरी ही कल्पना पुढे आणतो, त्याला आकडे दाखवा. १ किलो कोरड्या बर्फापासून खोलीच्या तापमानाला सुमारे ५४० लिटर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. नटाच्या खोलीत जेमतेम सव्वा हजार लिटर हवा आहे. हवेत हा वायू १० टक्क्यांवर गेला की काही मिनिटांत शुद्ध हरपते, आणि तेवढ्याला पाव किलो बर्फ पुरतो. वायू हवेपेक्षा जड असल्याने बसलेल्या माणसाच्या बाजूला तो आधी भरतो. मागचा पडदा उघडा आहे, छताला जाळी आहे, या भरवशावरही हा धोका घ्यायचा नाही.

पाणी आणि वीज शेजारी आहेत, म्हणून टाकीच्या लाइनवर ईएलसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. सगळे अॅडॉप्टर पन्हाळापेक्षा उंच, नटाच्या आसनामागे बांधा.

नारिंगी

धुक्याला रंग नसतो, रंग प्रकाश देतो. अंबर एलईडीची ५ मीटरची एक गुंडाळी काचेच्या चारही कडांना पुरते. आरजीबी पट्टी असेल तर लाल पूर्ण, हिरवा तिसऱ्या हिश्श्याइतका, निळा शून्य. हिरवा जरा वाढला की वायू लिंबासारखा दिसतो. पट्टीवर मीटरला किती वॅट लिहिले आहेत ते बघून घ्या. १४.४ वॅटची असेल तर ५ मीटरला ७२ वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर ६ अँपिअर लागतात. त्यासाठी १० अँपिअरचा एसएमपीएस (घरच्या विजेचे १२ व्होल्ट करणारा डबा) ठेवा. वीज दोन्ही टोकांकडून द्या, एकाच टोकाने दिली तर शेवटचा मीटर मंद पडतो आणि वायू एका बाजूला विटल्यासारखा दिसतो. प्रयोगात वीज जाणे आपल्याला नवे नाही. यूपीएसची १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी ही पट्टी अर्धा-पाऊण तास ओढते, एकांकिकेला तेवढे पुरे. मिस्टमेकरला मात्र ती पुरणार नाही, त्याला वेगळा इन्व्हर्टर लागेल.

पट्टी काळ्या यू-पट्टीत लपवा. प्रेक्षकाला एकेक दिवा वेगळा दिसला तर टाकी पानपट्टीच्या पाटीसारखी वाटते. डिमर लावून ती ४० टक्क्यांवर ठेवा आणि नटावर आतून, बाजूने, ४५ अंशांत वेगळा छोटा दिवा द्या. पट्टी नटावरच्या दिव्यापेक्षा तेज झाली की धुक्याची नुसती भिंत उभी राहते आणि मागचा माणूस नाहीसा होतो. हा तोल तालमीत शेवटच्या रांगेत बसून बघा. पहिल्या रांगेतून तो नेहमीच बरोबर दिसतो.

अंग, हात, चेहरा

एड्रिक तरंगला पाहिजे. त्यासाठी नटाला टांगायची गरज नाही. आसनाच्या खांबावर जुनी सायकल-सीट बसवा, नट काचेच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात डोके येईल असा बसतो. छातीपासून खाली तो पूर्ण काळ्या कपड्यांत. त्याच्या छातीपासून खोटे अंग निघते आणि तिरके खालच्या उजव्या कोपऱ्यात पर असलेल्या पायांपाशी संपते. ४ बाय ४ च्या काचेचा कर्ण साडेपाच फुटांहून थोडा जास्त भरतो, त्यामुळे अंग खरोखरच माणसापेक्षा लांब वाटते. अंग गादीच्या २ इंची फोमचे कापा, वर कातडीच्या रंगाचे होजिअरीचे कापड ताणून शिवा आणि वजन दीड किलोच्या आत ठेवा. छताच्या जाळीपासून दोन ठिकाणी तंगुसाने लटकवा. तिसरा तंगूस नटाच्या पायाच्या अंगठ्याला. अंगठा हलला की शेपटाकडचा भाग सावकाश डोलतो. पर ४ मिलिमीटर फोमशीटचे पुरतात.

हातांवर वेळ घाला. टाकीनंतर प्रेक्षक हात बघतो. जुन्या छत्रीच्या काड्या सगळ्यात चांगल्या : हलक्या, लवचीक आणि फुकट. मधल्या बोटाला १४ इंच, शेजारच्या दोघांना १२, करंगळीला १०, अंगठ्याला ६. टोके कानशीने घासून वर शिवणाच्या दोऱ्याची गाठ बसवा. काड्या कातडी रंगाच्या हातमोज्याच्या पाठीवर शिवायच्या, बोटांच्या पोटाकडे नको, नाहीतर मूठ वळत नाही. मधला पडदा पारदर्शक नायलॉनच्या ओढणीचा. त्यावर लिक्विड लॅटेक्सचे दोन पातळ हात द्या, प्रत्येक हात सावलीत पूर्ण सुकू द्या. उन्हात ठेवला तर वर साय धरते आणि आत ओले राहते. सुकल्यावर दोन्ही बाजूंनी टाल्कम पावडर चोळा, नाहीतर पडदा मिटला की स्वतःलाच चिकटतो आणि उघडताना फाटतो. सांगाड्यात तांब्याची तार वापरू नका, तांब्याने लॅटेक्स काळवंडून खराब होते. लॅटेक्स नटाच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहा. खाज आली किंवा पुरळ उठले तर या नटाच्या अंगाला लॅटेक्स लावायचे नाही.

चेहऱ्याचे काम नारिंगी प्रकाशातच करा, रंगपटातल्या पांढऱ्या ट्यूबखाली नाही. नारिंगी प्रकाशात लाल आणि पिवळा फिका पडून त्वचेत मिसळतो, निळा काळा होतो. म्हणून गालांचे खड्डे, शिरा, डोळ्यांभोवतीची सावली निळ्या-हिरव्या रंगाने काढा. ओठांना लाली लावायचीच नाही. पांढऱ्या उजेडात हा चेहरा विचित्र दिसेल, टाकीत तो बरोबर खोल आणि ओला दिसतो. भुवया साबणाने चपट्या करून झाका, एवढ्यानेही माणूसपण बरेच कमी होते. रबरी मुखवटा टाळा. एड्रिक राजदूत आहे, त्याचे काम बोलण्याचे आहे. मुखवट्याआड जबडा हलला नाही तर कट कोणी सांगायचा?

हालचालींसाठी एकच नियम. कोपर आधी निघते, पंजा मागून येतो, आणि एक हालचाल पुरी व्हायला मनात चारपर्यंत मोजावे लागते. नट एकदा जरी भराभर हलला तरी वायू खोटा पडतो.

आत बसण्याची मर्यादा २० मिनिटे. मार्च ते मे या काळात प्रयोग असेल तर १५. आसनाजवळ नळीची बाटली बांधून ठेवा, आणि मागे एक माणूस केवळ नटावर लक्ष ठेवायला.

आवाज

आवाज यंत्राने बदलण्याआधी मातीची घागर वापरून बघा. १० लिटरची कोरी घागर नटाच्या तोंडाशेजारी, सनबोर्डच्या आडोशाला आडवी बांधा आणि कॉलर माइक तिच्या आत सोडा. नट घागरीच्या तोंडात बोलतो, आवाज भरीव आणि दूरचा येतो. प्रत्येक घागरीचा आपला एक सूर असतो आणि स्पीकर त्याच सुरावर किंचाळू लागतो. आत मूठभर कापूस टाका, पुरला नाही तर आणखी मूठभर. घागर भिजली की सूर बदलतो, म्हणून पाणी पिताना जपा.

संहितेत चौघांनी एकमेकांना ‘आपण’च म्हणावे. यांच्यात कोणाचाच कोणावर विश्वास नाही, ‘तू’ म्हणण्याइतकी जवळीक कुठून येणार? एड्रिकची मराठी शुद्ध, दरबारी, जराशी लांबट ठेवा. उलट स्टिलगार आणि त्याचे फ्रेमेन वाळवंटातले, थेंबन् थेंब जपणारे लोक. त्यांना आपली बोली शोभते. पहारेकऱ्याला ‘काय करायलास रे? पानी कुनी सांडलं?’ असे विचारणारा स्टिलगार परभणीच्या किंवा हिंगोलीच्या प्रेक्षकाला एका वाक्यात कळतो. एड्रिकच्या नटालाही समजवायचे असेल तर एप्रिल २०१६ आठवा, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले होते तो महिना. ज्याचा घोट दुसऱ्याच्या वाहनावर अवलंबून आहे त्याच्या बोलण्यात एक दबलेली घाई असते. सगळ्यांची वाहतूक एड्रिकच्या संघाच्या हातात आहे आणि त्याचा स्वतःचा श्वास मसाल्याच्या हातात. तो मसाला पॉलच्या ग्रहावर होतो. म्हणून दरबारी सभ्यतेखाली ही घाई सतत जाणवली पाहिजे.

आडोशाचे वर्तुळ

आता टाकीभोवती जमिनीवर, वरून एका पार लाइटने (डब्याच्या आकाराच्या रंगमंचीय दिव्याने), नारिंगी जिलेटिन लावून १० फूट व्यासाचे वर्तुळ पाडा. कडा मऊ ठेवा. कटाचा प्रत्येक शब्द या वर्तुळातच उच्चारला गेला पाहिजे, बाहेर एकही नाही. नियम प्रेक्षकाला सांगायचा नाही, तो दोन मिनिटांत आपणहून कळतो. मोहियाम पूर्ण आत बसलेली. इरुलान काठावर, एक पाय बाहेर, कारण तिचे मन अजून ठरलेले नाही. स्कायटेल आतबाहेर करणारा, बाहेर पडताच गप्प. इरुलान बोलता बोलता मागे सरकली की तिचे वाक्य अर्ध्यावर तुटावे, आणि एड्रिकच्या बोटांचा पंखा तिच्याकडे सावकाश उघडावा, चारपर्यंत मोजत.

पुढे अराकीस ग्रहावर, पॉलच्या दरबारात, एड्रिक गिल्डचा राजदूत म्हणून येतो आणि हेट नावाचा घोला भेट देतो. हेट म्हणजे पॉलचा जुना साथीदार डंकन आयडाहो याच्या मृत शरीरातून पुन्हा घडवलेला माणूस. इथे दरबाराला थंड पांढरा प्रकाश द्या आणि टाकी चौघांनी ढकलत आत आणा, वर्तुळही टाकीबरोबर सरकत येईल असे. हाताने चालवायचा फॉलो स्पॉट असेल तर हे सोपे होते. नसेल तर पार लाइट टाकीच्याच छतावर ३ फुटी आडव्या पाइपने पुढे काढून बसवा. दिवा खाली आल्याने वर्तुळ लहान पडेल, ते चालेल. पॉलच्या उजेडात आडोसा चाल करून येतो हे प्रेक्षकाला संवादाशिवाय दिसते. हेट वर्तुळातून बाहेर पडून पांढऱ्या प्रकाशात पॉलसमोर उभा राहतो. दोन प्रकाशांच्या सीमेवर त्याने एक पूर्ण श्वास थांबावे.

शेवट

कादंबरीच्या शेवटी पॉलची बहीण आलिया हिच्या हुकमावरून स्टिलगार एड्रिक आणि मोहियाम दोघांना ठार करतो. रंगमंचावर टाकी फोडण्याचा मोह होतो. अॅक्रिलिक फुटत नाही, नुसते धडधडते, आणि फुटलेच तर धारदार तुकडे उडतात. त्याऐवजी वायू जाऊ द्या. स्टिलगार टाकीच्या मागे जातो, तो दिसेनासा झाल्यावर मागचा माणूस दोन्ही मिस्टमेकर बंद करतो आणि पंखा पूर्ण १२ व्होल्टवर सोडतो. कोरडी हवा आत येते आणि धुके विरळ होत जाते. किती वेळ लागतो ते त्या दिवशीच्या हवेवर ठरते, म्हणून प्रयोगाच्या संध्याकाळी घड्याळ लावून एकदा मोजून घ्या आणि पार्श्वसंगीत तेवढेच ठेवा. धुके निम्मे झाले की नटावरचा दिवा उतरवायला लागा, नाहीतर तंगूस चमकतात. हात उघडेच राहू द्या, मिटवू नका. जमिनीवरचे वर्तुळ सगळ्यात शेवटी विझते. तेव्हा त्यात कोणी उभे नसते.

प्रयोग संपल्यावर पन्हाळ लगेच रिकामा करा. रात्रभर पाणी राहिले तर चकतीवर बुळबुळीत थर धरतो. मिस्टमेकर व्हिनेगरच्या पाण्यात १० मिनिटे ठेवून धुवा. हातमोजे पुन्हा पावडर लावून, बोटांचे पंखे उघडे ठेवून खोक्यात. काचा पुसून, मध्ये मऊ जुनी सुती साडी घालून उभ्या बांधा. गोणपाट घातले तर टेम्पोच्या हादऱ्यांनी ओरखडे पडतात, आणि आडव्या ठेवल्या तर वर कोणीतरी हार्मोनियम ठेवतोच.